बोटीतली चौथी जागा

चष्म्याची काडी तुटायला मुहूर्त लागत नाही. ती नेमकी नको तेव्हाच तुटते.

त्या सकाळी ती ऑफिसच्या पायऱ्या चढत होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फायलींचा गठ्ठा. पायरी बघायला मान खाली घातली मात्र, चष्मा नाकावरून घसरला आणि पायरीवर आपटला. काडी एकीकडे, काचा दुसरीकडे. काचा वाचल्या हे नशीब. पण चष्मा नसला की तिला सगळं जग पाण्यात भिजलेल्या चित्रासारखं दिसायचं… रंग कळायचे, आकार धड कळायचे नाहीत.

ऑफिस होतं लोकांच्या सहली आखून देणारं. तिथं सगळे तिला ‘घड्याळ’ म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. तिनं आखलेल्या सहलीत माणसं मिनिटावर उठत, मिनिटावर जेवत आणि ठरल्या मिनिटाला आश्चर्यचकित होत. अशा माणसाचा चष्मा सकाळीच तुटावा म्हणजे दिवसाचं गणितच चुकलं.

मागच्या गल्लीत एक चष्मेवाला आहे असं कुणीतरी सांगितलं. भिंतीला हात लावत लावत ती तिथं पोचली. दारातल्या घंटीला धक्का लागला, ती किणकिणली. समोर गॉगल लावलेला एक माणूस ताठ उभा होता.

“माझी काडी तुटलीय,” ती एका दमात म्हणाली. “जरा लवकर होईल का? मला ऑफिस आहे.”

माणूस काही बोलला नाही.

“अहो, मी तुमच्याशी बोलतेय.”

“तो नाही बोलायचा,” डावीकडून कुणीतरी म्हणालं. आवाजात हसू होतं, पण टिंगल नव्हती. “फार मितभाषी आहे. गॉगल लावून उभं राहायचं एवढंच त्याचं काम. तुमची काडी मी बघतो. द्या इकडे.”

तिनं चेहरा वळवला. तो मघाचा ‘माणूस’ लाकडी पुतळा होता, हे कळल्यावर तिचे कान तापले. पण समोरच्यानं ती गोष्ट तिथंच सोडून दिली होती. तो तुटलेली काडी दिव्याखाली धरून बघत होता. स्क्रूचा आटा गेलाय, जरा वेळ लागेल, तोवर नंबर तपासून घेऊ, असं म्हणत त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि तपासायची ती जड, गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

“हे बरं… की हे?”

“पहिलं. नाही… थांबा. पुन्हा दाखवा.”

त्यानं पुन्हा दाखवलं. “हे बरं, की हे?”

“पहिलंच.”

“मला माहीत होतं.”

“कसं काय?”

“पुन्हा दाखवा म्हणणाऱ्या माणसाचं मनात ठरलेलं असतं,” तो म्हणाला. “त्याला फक्त खात्री करून घ्यायची असते. दिवसभर हेच तर करतो मी.”

शेवटची काच बसली आणि जग एकदम कडांसकट समोर आलं. सगळ्यात आधी दिसला तो त्याचा चेहरा, वाटला होता त्यापेक्षा जवळ. हनुवटीवर जुनी बारीक खूण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं घाईघाईनं नजर उचलून त्याच्या मागच्या भिंतीवर ठेवली. तिथं एक कॅलेंडर होतं. तारखांची पानं केव्हाच फाटून गेलेली, नुसतं चित्र उरलेलं. रुंद नदी, तिच्यात लांबट नावा, काठावर उंच इमारती आणि मधूनच डोकावणारे सोनेरी कळस.

ती पटकन म्हणाली, की हे तर आग्नेय आशियातलं ते मोठं शहर. हा धक्का दिसतोय ना, तिथून बोट धरायची ती सकाळीच, नंतर रांग लागते. आणि परतताना उजवीकडे बसायचं, ऊन लागत नाही.

“तुम्ही जाऊन आलात?”

“आमच्या ऑफिसातून दर महिन्याला माणसं जातात,” ती म्हणाली.

हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याला ते कळलं, आणि कळलं नाही असं त्यानं दाखवलं.

कॅलेंडरची गोष्ट अशी होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याची आई आणि मावशी राहत. मावशीचं लग्न झालं नव्हतं आणि आईचा संसार अर्ध्यावर मोडला होता, म्हणून दोघी बहिणींनी मिळून एकच मुलगा वाढवला आणि एकच दुकान चालवलं. आई चष्म्याची कापडी घरं शिवायची, मावशी गल्ल्यावर बसायची. समोरच्या भिंतीवर ते चित्र. गिऱ्हाईक नसलं की दोघी त्या नदीकडे बघत बसायच्या. वर्ष संपलं तरी कॅलेंडर उतरवू दिलं नाही. आता मुलाचं बस्तान बसलं होतं आणि त्याला दोघींना तिथं न्यायचं होतं.

ती म्हणाली, आखून देते. इतकं सोपं काम तिला दुसरं नव्हतं.

आणि तिथंच तिची फजिती झाली.

दोन दिवसांनी ती छान टाइप केलेला आराखडा घेऊन आली. मावशीनं तो हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उठणे, न्याहारी, बस. पहिला मनोरा, दुसरा मनोरा, संग्रहालय. जेवण. लगेच बाजार, लगेच बोट. चढावर चालल्यासारखा मावशीला दम लागत गेला. शेवटी तिनं कागद मांडीवर ठेवला.

“सगळं आहे गं बाई यात,” ती म्हणाली. “फक्त आम्ही श्वास कुठल्या रकान्यात घ्यायचा, तेवढं सांग.”

आईनं सावरून घेतलं. म्हणाली, छान आहे हो, मेहनत दिसतेय, पण जरा पळापळ वाटते. मग तिनं मागच्या वर्षीच्या एका सहलीची हकिगत सांगितली. कुठल्याशा डोंगरावर गेल्या होत्या दोघी, मोठ्या गटाबरोबर. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं काय काय पाहिलं, तर यांना आठवेना. एक बसची काच आठवत होती आणि एक झेंडा घेऊन पुढं पळणाऱ्या माणसाची पाठ.

“पण इतक्या लांब जायचं आणि काही बघायचं राहून गेलं तर?” तिनं दोघींना विचारलं.

“राहू दे की,” मावशी म्हणाली. “आयुष्यात इतकं राहून गेलं, त्यात आणखी एक मनोरा. तो काही रडत बसायचा नाही.”

तो तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. तिनं बरीच वर्षं केलेल्या कामाला कुणी असं नाव ठेवलं नव्हतं. आणि वाईट हे, की ठेवलेलं नाव खरं होतं. मग चालता चालता, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली की ती कधीच तिथं गेलेली नाही. तिथंच काय, कुठंच नाही. सीझनला लोक जातात म्हणून ती ऑफिसात, सीझन संपला की बाबा घरी एकटे म्हणून ती घरात. नोकरी लागली तेव्हा हौसेनं पासपोर्ट काढला होता. तो टेबलाच्या खणात पडून आहे, पानं कोरी करकरीत.

“म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवते मी,” ती म्हणाली. “हसा आता.”

तो हसला नाही. “मी रोज लोकांना लांबचं दाखवतो,” तो म्हणाला. “मी तरी गल्लीच्या बाहेर कुठं गेलोय?”

तिनं त्याच्याकडे बघितलं. नव्यानं काडी बसवलेल्या चष्म्यातून तो फार स्पष्ट दिसत होता.

मग त्यानंच युक्ती काढली. म्हणाला, माणसाला काय हवं असं थेट विचारलं की माणूस गडबडतो. गिऱ्हाईकाला मी कधी विचारतो का, तुम्हाला कसं दिसायला हवंय? मी दोन काचा पुढं करतो. हे बरं की हे. तसंच करू या. एका वेळी दोनच गोष्टी, तिसरी नाही.

तेव्हापासून संध्याकाळी दुकानात बैठक भरू लागली. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की तो बाहेरची पाटी उलटी करायचा. चार खुर्च्या गोल मांडायच्या. दोघी बहिणी, तो आणि ऑफिस सुटल्यावर आलेली ती. पुतळा पाचवा, पण त्याचं मत कुणी विचारत नसे.

नदीकाठची लहान खोली, की उंच इमारतीतली मोठी? आई म्हणाली लहान. मावशी म्हणाली, पुन्हा दाखव. पुन्हा सांगितल्यावर तीही म्हणाली लहान.

सकाळी फुलांचा बाजार, की अंथरुणात लोळणं? इथं मावशीला पुन्हा दाखवावं लागलं नाही.

तिला हळूहळू एक गोष्ट उमगत गेली. त्या शहरात दुपारचं ऊन खांद्यावर ओझं ठेवल्यासारखं असतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. आणि पाऊस दुपारी येतो, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा. धो धो बोलतो आणि चहा न घेताच निघून जातो. हे सगळं माहीत असून ती आजवर माणसांना नेमकं भरदुपारी रस्त्यावर उभं करत आली होती. आता सकाळी एकच गोष्ट, संध्याकाळी एकच गोष्ट. खांबांवरून जाणारी गार आगगाडी आहे तर टॅक्सीत का अडकायचं? बाजार बघायचा तर त्या वाटेवर टेकायला बाक कुठं आहे, ते आधी शोधायचं. ती तिथं जाऊन आलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून बाक विचारू लागली. गिऱ्हाइकांना वाटलं, ऑफिस आता फर्निचर विकायला लागलं.

मधेच तो तिलाही विचारायचा. चहा की कॉफी? पावसात छत्री की आडोसा?

“मला कशाला विचारताय? जायचंय यांना.”

“तुमचा नंबर काढतोय.”

“माझा नंबर काढून झालाय.”

“तो डोळ्यांचा,” तो म्हणायचा आणि काच पुसत बसायचा. आधीच लखलखीत असलेली काच. मावशी खोकायची. आईला नेमकं तेव्हाच आत काहीतरी आठवायचं.

“खिडकीची जागा की कडेची?” एकदा त्यानं विचारलं.

“खिडकीची,” ती म्हणाली, आणि पुढं, स्वतःलाच सांगितल्यासारखं… “नदी दिसत असली तर.”

घरी जाताना तिला हलकं वाटायचं आणि लगेच धाकधूकही व्हायची. आराखडा रोज थोडा थोडा पुरा होत होता. तो पुरा झाला की या गल्लीत यायला तिला काय निमित्त होतं? चष्मा तर आता ठणठणीत होता. एकदा तिनं काडी जरा वाकवून बघितली. वाकली नाही. त्यानं फारच पक्की बसवली होती.

तिकडे साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, एका घरच्या सहलीला इतके दिवस? एवढ्यात तुम्ही दहा गट पाठवता. आठवड्यात नक्की करा, नाहीतर ही फाइल शेजारच्या टेबलावर जाईल.

आता एकच गोष्ट राहिली होती. दुपारी. सगळ्यांनी एकमतानं तिथल्या सगळ्या दुपारी रिकाम्या ठेवायला सांगितल्या होत्या आणि तिचा हात काही धजत नव्हता.

“रिकामा रकाना बघितला की गिऱ्हाइकाला वाटतं, आम्ही विसरलो,” ती म्हणाली.

“तुम्ही कधी रिकामी दुपार काढलीय?” त्यानं विचारलं.

तिनं बोटं मोजायला घेतली आणि तशीच मिटली.

“रविवारी दुकान बंद असतं. या. एक करून बघू. तालीम समजा.”

म्हणून रविवारी चौघं गावाबाहेरच्या नदीवर गेली. नदी काही कॅलेंडरातल्यासारखी रुंद नव्हती. पलीकडच्या काठावरचा माणूस शिंकला तर इकडे ऐकू येईल, एवढीच. झाडाखाली सतरंजी अंथरली. दोघी बहिणींनी डबा संपवला, पदर डोक्यावर घेतला, आणि बसल्या बसल्या एकमेकींच्या खांद्याला टेकून झोपून गेल्या. ही दोघं काठाच्या दगडावर बसली.

तिनं घड्याळ बघितलं. जरा वेळानं पुन्हा बघितलं.

“पुढं काय आहे?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

“मग आपण काय करतोय?”

“हेच.”

तिनं परत मनगट वळवलं, तेवढ्यात तो म्हणाला, “चष्मा द्या जरा. काचेवर डाग आहे.”

तिनं काढून दिला. त्यानं खिशातून मऊ फडकं काढलं, सावकाश पुसला, आणि परत देण्याऐवजी हातातच धरून ठेवला. तिनं घड्याळाकडे बघितलं. मनगटावर नुसता एक चंदेरी ठिपका.

“अहो, मला दिसत नाहीये.”

“काय बघायचंय?”

तिनं समोर बघितलं. नदी आता कडा नसलेली, लांबच लांब हिरवी-करडी झाली होती, आणि गंमत म्हणजे रुंद वाटत होती, त्या कॅलेंडरातल्याइतकी. वारा आला. तो पाण्यावरून आलाय हे गालांना कळलं. मागं एक पाखरू तेच तेच विचारत होतं आणि दुसरं जरा थांबून उत्तर देत होतं. शेजारी त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. आणि मग चार-दोन थेंब पडले, हातावर, गुडघ्यावर, एक नेमका नाकाच्या शेंड्यावर…

“छत्री की आडोसा?” त्यानं हळूच विचारलं.

“काहीच नको,” ती म्हणाली.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. ज्या बाईला ऑफिस घड्याळ म्हणायचं, तिला. पाऊस थेंबांवरच परत फिरला. मग त्यानं चष्मा तिच्या हातात न देता, दोन्ही काड्या धरून, सवयीनं, तिच्या कानांवर बसवला. रोज किती जणांना बसवत असेल. पण आज बोटं कानापाशी क्षणभर थांबली आणि दोघांचीही नजर एकदम पाण्याकडे गेली.

परत निघताना तो चहाच्या टपरीकडे गेला आणि ती सतरंजीची घडी घालू लागली. मावशी उठून बसली होती.

“तालीम छान झाली,” मावशी म्हणाली. “आता एकदा तिकडे जाऊन आलो की निवांत. मग याच्यासाठी मुलगी बघायला जायचंय. मनात भरलीय आमच्या दोघींच्या. फक्त तिच्या घरी…”

तिच्या हातातली सतरंजी तिसऱ्या घडीलाच थांबली. बसची वेळ झाली असं काहीतरी म्हणत ती उठली आणि चहा न घेताच निघाली. चार पेले घेऊन येणारा तो लांबून बघतच राहिला.

त्यानंतर ती दुकानात गेली नाही. फोन आला तर कामात आहे म्हणाली, आणि खरंच कामात राहिली. मनाला ओरडून सांगितलं, की गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आराखडा पुढ्यात घेतला, तर रिकाम्या दुपारी समोर. भरून टाकायच्या ठरवल्या. एका दुपारी मत्स्यालय घातलं, दुसऱ्या दुपारी मनोरा. मग दोन्ही खोडले. त्या दुपारी तिच्या एकटीच्या नव्हत्या. मग तिनं भराभर खोल्या, बोटी, संध्याकाळची जेवणं, सगळं कळवून टाकलं. विमानाची तिकिटं त्या तिघांचे पासपोर्ट समोर ठेवून काढली. फाइल बंद केली. संपलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी हाक मारली. तिकडून सगळ्याचा होकार आला होता आणि साहेब चष्म्याच्या वरून तो वाचत होते.

“विमानातून तीन माणसं जाणार,” ते म्हणाले.

“हो, साहेब.”

“मग बोटीत चार कशी? टेबलाला खुर्च्या चार. खोल्या तीन. दोघी बहिणींची एक, मुलाची एक, आणि ही तिसरी… खिडकीची, नदीच्या बाजूची. कुणाची? हा चौथा माणूस काय वाटेत हवेत जन्माला येणार आहे?”

तिनं कागद हातात घेतला. सगळीकडे चार. एका ठिकाणी चुकून नव्हे, सगळीकडे. इतके दिवस चार खुर्च्या, चार पेले, चार मतं. तिनं माणसं मोजलीच नव्हती, आठवली होती. आयुष्यात आजवर तिच्या आखणीत एक चमचा कमी-जास्त झाला नव्हता.

“माझी चूक आहे साहेब,” ती म्हणाली. “आजच दुरुस्त करते.”

साहेबांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाले, करा. पण आधी त्या लोकांना विचारा. कधी कधी माणसं जास्तीची जागा मुद्दाम धरतात.

भर दुपारी ती त्या गल्लीत शिरली. काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं: एक तांत्रिक चूक झाली आहे, क्षमस्व, चौथी जागा रद्द करत आहोत. घंटी किणकिणली. काउंटरमागं तो होता, एकटाच. तिनं त्याला बघितलं आणि जुळवलेलं सगळं विस्कटलं. तिची नजर आधाराला इकडे तिकडे फिरली आणि दारासमोर एका जागी ठरली.

“एक चूक झालीय,” ती म्हणाली.

“त्याला सांगून उपयोग नाही,” तो म्हणाला. “मितभाषी आहे. मला सांगा.”

ती पुतळ्याशी बोलत होती. आज तर चष्मा डोळ्यांवर होता.

मग तिनं सांगितलं. बोट, खुर्च्या, खोली, सगळं. खिडकीची, नदीच्या बाजूची, हे सांगताना आवाज अगदीच बारीक झाला. त्यानं खालचा खण उघडला आणि काउंटरवर ओळीनं चष्म्याची कापडी घरं मांडली. आईनं नवी शिवलेली, कडेला बारीक टीप.

“तिकडे ऊन फार म्हणून नंबरचे गॉगल केलेत,” तो म्हणाला. “हा आईचा. हा मावशीचा. हा माझा.”

चौथं घर त्यानं तसंच पुढं सरकवलं. तिनं उघडलं. गॉगल लावून बघितला. दुकान सावलीत गेल्यासारखं गार झालं, पण प्रत्येक कड जागच्या जागी. कॅलेंडरातल्या नावेचं वल्हंसुद्धा दिसत होतं.

“हा माझा नंबर आहे,” ती म्हणाली.

“मी आईला तीनच घरं शिवायला सांगितली होती. तिनं चार शिवली. आता एक घर रिकामं ठेवणं काही बरं दिसेना… म्हणून.”

ती हसली. मग आठवण झाली आणि हसू अर्ध्यावर राहिलं. गॉगल काढून तिनं घरात ठेवला आणि काउंटरच्या कडेशी बोलल्यासारखी म्हणाली, “पण तिकडून आल्यावर तुम्ही मुलगी बघायला जाणार आहात ना?”

“कोण, मी?” तो बघतच राहिला. “कुणाच्या घरी?”

“हिच्याच घरी,” आतल्या पडद्यामागून मावशीचा आवाज आला. “अगं, मी वाक्य पुरं करायच्या आत बस पकडायला पळालीस तू. फक्त तिच्या घरी विचारायचं राहिलंय, असं म्हणत होते मी. त्या दिवसापासून हा चार पेले चहा एकटा पितोय. झोप गेलीय त्याची.”

“ताई, तू आत ये बघू,” आईचा आवाज आला. पडदा हलला, बांगड्या वाजल्या आणि सगळं शांत झालं. इतकं शांत, की पडद्यामागं दोघी श्वास रोखून उभ्या आहेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. हातात फडकं होतं, पुसायला काही नव्हतं. ते त्यानं पुतळ्याच्या खांद्यावर टाकलं.

“दोनच गोष्टी,” तो म्हणाला. “तिसरी नाही. पहिली… चौथी जागा रद्द करायची, आम्ही तिघं जाऊन येतो, आणि बोटीत एक जागा सारखी रिकामी दिसत राहील मला, रद्द केली तरी. दुसरी… आम्ही तिघं आधी तुझ्या बाबांकडे येतो, त्यांना विचारतो. ते हो म्हणाले तर तो कोरा पासपोर्ट खणातून बाहेर काढायचा. खिडकीची जागा तुझी.”

‘तुझी’ म्हणाल्यावर तो जरा थांबला. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. चष्मा उतरवून त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा तेवढा जवळ होता, चष्म्याशिवायही दिसेल एवढा.

“हे बरं,” त्यानं विचारलं, “की हे?”

“पुन्हा दाखव,” ती म्हणाली.